टोकं विरळ झाली. कापायची किती, खर्च किती?

पार्लरच्या खुर्चीत बसलं की पहिला प्रश्न येतो, ‘ताई, किती कापू?’ बहुतेक जणी अंगठा आणि तर्जनीत जेमतेम फट ठेवून सांगतात, ‘एवढंच, अगदी थोडं.’ ही फट कुणाची अर्ध्या इंचाची असते, कुणाची दोन इंचांची. वेणीचं टोक उंदराच्या शेपटीसारखं झालं असेल, तर ‘अगदी थोडं’ कापून पैसे जातात आणि घरात कुणाच्या लक्षातही येत नाही. दुसऱ्या टोकाला असतात त्या वैतागून ‘होऊ दे एकदाचं’ म्हणणाऱ्या. त्या खांद्यापर्यंत कापून येतात आणि पुढचे पंधरा दिवस अंबाड्याची पिन हातात घेऊन हळहळतात.

या दोन्हींच्या मध्ये एक हिशेब आहे. तो घरीच, दोरा आणि मोजपट्टी घेऊन मांडता येतो. त्याआधी एक समजूत बाजूला ठेवायला हवी. टोकं कापल्याने केस भरभर वाढत नाहीत आणि दाटही होत नाहीत. केस वाढतो तो डोक्याच्या कातडीखालच्या मुळातून. खाली कात्री चालली याची मुळाला खबर नसते. बाळाचं जावळ काढलं की केस दाट येतात, हीसुद्धा त्याच घराण्यातली समजूत. त्यामुळे किती कापायचं हा केस वाढवण्याचा प्रश्नच नाही. मधली वर्ष-दोन वर्षं आपण कशा दिसायचं आणि तेवढ्या काळात पार्लरला किती पैसे द्यायचे, एवढाच तो आहे.

टोकाचं वय काढा

डोक्यावरचा केस महिन्याला साधारण सव्वा सेंटिमीटर वाढतो, म्हणजे अर्धा इंच. वर्षाला सहा इंच. मानेपासून २४ इंच लांब केस असतील, तर त्यांचं टोक किमान चार वर्षांपूर्वी डोक्यातून बाहेर पडलेलं आहे. चार वर्षांची उन्हं, शाम्पू, कंगवे, रबरं आणि ओल्या केसांचे अंबाडे त्या टोकाने सोसलेले आहेत. हे वय एकदा कळलं की टोकं विरळ का झाली याचा माग काढता येतो.

पहिलं कारण अगदी नैसर्गिक असतं. प्रत्येक केसाचा वाढीचा काळ ठरलेला असतो, साधारण दोन ते सहा वर्षं. तो संपला की केस दोन-तीन महिने नुसता थांबतो आणि गळतो. डोक्यावरचे सगळे केस एकाच वयाचे नसतात; शेजारी शेजारी सहा महिन्यांचा आणि पाच वर्षांचा केस उभा असतो. त्यामुळे कमरेपर्यंत पोहोचणारे केस मानेपाशी असलेल्या केसांपेक्षा कमीच असणार. ज्यांच्या केसांचा वाढीचा काळ मुळातच तीनेक वर्षांचा आहे, त्यांचे केस दंडापर्यंत आले की अडतात आणि टोकाशी झिरझिरीत होतात. यात कुणाची चूक नसते आणि कुठलंही तेल हा काळ वाढवत नाही. जाहिराती काहीही सांगोत.

दुसरं कारण म्हणजे जुनी गळती. टायफॉइड, डेंग्यू, मोठा ताप, शस्त्रक्रिया, उपाशी राहून झटपट उतरवलेलं वजन, बाळंतपण, यांपैकी काही झालं की दोन-तीन महिन्यांनी केस पुंजक्याने जातात. बाळंतिणीचे केस बाळ तीन-चार महिन्यांचं झालं की गळू लागतात आणि घरात कुणीतरी ‘बाळ हसायला लागलं की आईचे केस जातात’ असं सांगून मोकळं होतं. ही गळती बहुधा सहा महिन्यांत ओसरते आणि केस परत येतात. पण नवे केस वर्षाला सहा इंचच उतरणार. दोन वर्षांपूर्वी गळती झाली असेल, तर आज ते १२ इंचांवर आलेले असतात. तिथपर्यंत वेणी भरलेली आणि त्याखाली एकदम बारीक. बाईला वाटतं, आत्ता काहीतरी बिघडलंय. प्रत्यक्षात ती दोन वर्षांपूर्वीच्या तापाची खूण असते आणि दर महिन्याला अर्धा इंच खाली सरकत असते.

तिसरं कारण तुटणं. केसावरचं खवल्यांचं आवरण घासून घासून उडालं की आतले धागे सुटतात आणि केसाला फाटे फुटतात. हा फाटा वर चढत जातो आणि केस मध्येच तुटतो. स्ट्रेटनिंग, वारंवार रंग, गरम इस्त्री, टॉवेलने खसाखसा पुसणं, ओल्या केसांवर बारीक दातांचा कंगवा ही नेहमीची कारणं. ओला केस ताणला जातो आणि लवकर तुटतो. सकाळी नाहून केस तसेच करकचून बांधून लोकल पकडणाऱ्या बायकांचे केस रबर बसतं नेमक्या त्याच जागी तुटलेले आढळतात.

या तिन्हींतलं आपलं कोणतं, हे ओळखायला पांढरा कागद पुरतो. वेणीचं टोक कागदावर पसरून उजेडात पाहा. टोकं निमुळती, अणकुचीदार असतील तर ते कधीच न कापलेले, म्हणजे नवे केस आहेत. फाटलेली, खरखरीत किंवा पांढरा ठिपका असलेली टोकं म्हणजे तुटलेले केस. मग कंगव्यात आलेले केस बघा. एका टोकाला बारीक पांढरी गाठ असेल तर केस मुळापासून गळला आहे, गाठ नसलेला आखूड तुकडा म्हणजे मधून तुटला. दिवसाला ५० ते १०० केस जाणं हे सगळ्यांचंच असतं. आठवड्यातून दोनदा नाहणाऱ्यांना न्हाणीत गुंतवळ जास्त दिसतं, कारण चार दिवसांचं एकदम निघतं.

इथेच एक फांदी फुटते. भांग रुंद होतोय, मानेपाशीही वेणीचा घेर कमी झालाय, गळती सहा महिन्यांपलीकडे चाललीय किंवा डोक्यावर चट्टे, खाज, खपल्या आहेत, तर हा कात्रीचा विषय नाही. त्वचारोगतज्ज्ञाकडे जा. शहरात तपासणीची फी साधारण ५०० ते १२०० रुपये. सीबीसी, थायरॉइडची टीएसएच आणि शरीरातल्या लोहाचा साठा सांगणारी फेरिटिन या तपासण्यांना मिळून हजार ते दोन हजार. सरकारी रुग्णालयात हेच अगदी कमी पैशांत होतं. हेअर स्पाच्या चार पॅकेजांपेक्षा हा खर्च कमी आहे आणि त्यातून उत्तर तरी मिळतं.

दोऱ्याने मोजा

केस आदल्या दिवशी धुऊन, वाळवून, तेल न लावता, नीट विंचरून घ्या. मानेपाशी सैल रबर लावून एक शेपटा बांधा आणि तो खांद्यावरून पुढे घ्या. रबराच्या लगेच खाली शिवणाचा दोरा एकदाच गुंडाळा, हलकेच आवळा, खूण करा आणि पट्टीवर मोजा. हा तुमचा पूर्ण घेर. मग दर तीन-चार इंचांवर हेच करत खाली या.

समजा वर घेर ९ सेंटिमीटर आला आणि टोकापासून १२ इंच वर तो साडेचार झाला. बऱ्याच जणी म्हणतील, निम्मे केस उरले. तसं नाही. घेर निम्मा झाला की केस पाव उरलेले असतात, कारण शेपट्याची जाडी चहूबाजूंनी घटते. खरोखर निम्मे केस असतात तिथे घेर वरच्या घेराच्या साधारण ७० टक्के भरतो. ९ सेंटिमीटरच्या शेपट्यात सव्वासहाच्या आसपास. डोळ्यांना फसगत होते ती इथेच. घेर थोडासा कमी वाटतो, पण केस बरेच कमी झालेले असतात.

माझं मत असं, की जिथे घेर निम्म्यावर येतो ती रेघ धरावी आणि तिथे एक रंगीत रबर लावून आरशात दोन दिवस बघावं. त्याखालचे केस लांबी दाखवतात, भरीवपणा देत नाहीत. ही रेघ टोकापासून दोन-तीन इंचांवर असेल तर विचार करत बसू नका, कापून टाका. सहा महिन्यांत लांबी परत येते. रेघ सहा-आठ किंवा बारा इंच वर असेल तर पुढचा हिशेब वाचल्याशिवाय पार्लरची वेळ घेऊ नका.

एक अपवाद. पूर्वी लेयर किंवा स्टेप कट केला असेल, तर दोरा तुम्हाला घाबरवेल. तिथे वरचे केस मुद्दामच आखूड कापलेले असतात आणि टोकं विरळ दिसणारच. गळती नाही, तुटणं नाही, फक्त कटाचा परिणाम आहे.

तीन वाटा, एकच तारीख

२४ इंच लांब केस, भरीव रेघ १२ इंचांवर, कारण दोन वर्षांपूर्वीचं आजारपण. हे उदाहरण धरून चालू.

पहिली वाट म्हणजे आजच १२ इंच कापणं. केस खांद्याखाली येतील, टोक भरगच्च दिसेल आणि वर्षाला सहा इंचांनी दोन वर्षांत २४ इंचांवर परत याल. कापायचा खर्च मुख्यतः एकदाच.

दुसरी वाट म्हणजे लांबी अजिबात कमी होऊ न देणं. तीन महिन्यांत केस दीड इंच वाढतात. दर तीन महिन्यांनी तेवढेच कापायचे. लांबी जिथल्या तिथे राहते आणि भरीव रेघ दर खेपेला दीड इंच खाली येते. १२ इंचांचं अंतर आठ खेपांत, म्हणजे दोन वर्षांत संपतं.

तिसरी मधली. आज सहा इंच कापायचे, मग वर्षभर दर तीन महिन्यांनी दीड इंच. वर्षअखेरीला १८ इंचांवर भरगच्च टोक मिळतं, त्यानंतर वाढू द्यायचे. खेपा एकूण पाच.

गंमत अशी, की तिन्ही वाटांनी कंबरेपर्यंतचे भरीव केस मिळण्याची तारीख तीच येते, आजपासून दोन वर्षं. कारण त्या नव्या केसांना तिथवर उतरायला तेवढाच वेळ लागणार. जुनी टोकं राहिली काय, गेली काय. बदलतो तो खर्च. गल्लीतल्या पार्लरमध्ये एका खेपेला २०० रुपये धरले तर पहिली वाट २०० रुपयांत, तिसरी १००० आणि दुसरी १६०० रुपयांत पडते. मॉलमधल्या सलूनचा ८०० रुपयांचा दर धरला तर हेच आकडे ८००, ४००० आणि ६४०० होतात. लांबी टिकवायची हौस स्वस्त नाही. पण घरात वर्षभरात लग्न असेल, भरतनाट्यमची परीक्षा असेल किंवा लांब वेणी हीच तुमची ओळख असेल, तर तो खर्च करावा. त्यात ओशाळण्यासारखं काही नाही.

पण हा हिशेब जुन्या गळतीचाच. कारण तुटणं असेल तर दुसरी वाट सगळ्यांत महागात पडते. फाटे वर चढत असतात, तुम्ही खालून दीड इंच कापता आणि मधूनच केस तुटत राहतात. रेघ खाली सरकत नाही. तिथे खराब झालेला भाग एकदाच, थोडा वरूनच कापावा. स्ट्रेटनिंग दीड वर्षापूर्वी केलं असेल तर त्याची सीमा मुळापासून साधारण नऊ इंचांवर असणार, बोटांनाही तिथे पोत बदललेला जाणवतो. सगळा भाग एकदम नको असेल तर निदान निम्मा तरी काढा आणि इस्त्री कपाटात ठेवा.

कारण नैसर्गिक असेल तर? पाच वर्षांपूर्वीच्या आणि आजच्या फोटोत लांबी तीच, मध्ये कात्री नाही, टोकंही धड, अशी अवस्था असेल तर तुमची लांबी तुमच्या मुळांनी ठरवली आहे. रेघेपर्यंत कापलं तर छान दिसेल, पण पुन्हा वाढवल्यावर टोकं पुन्हा अशीच विरळ होतील. मग भरीव दिसणारी थोडी कमी लांबी कायमची पत्करायची, की निमुळती का होईना लांब वेणी, हे तुम्हीच ठरवा. आपल्याकडे यावर जुना तोडगा आहेच : गंगावन. सण-समारंभापुरतं बाजारातलं कृत्रिम गंगावन दोन-चारशे रुपयांत येतं, खऱ्या केसांचं घ्यायला गेलं तर आकडा हजारांत जातो. रोज मात्र वापरू नका; त्याचा भार मुळांवर येतो.

कट बदलून काय साधतं

सध्या व्ही कट असेल तर टोकं मुळातच विरळ दिसतात, कारण शेवटच्या चार-पाच इंचांत फक्त मधलेच केस असतात. व्हीचा यू करायला बाजूंना हातही लावावा लागत नाही. मधलं टोक दोन-तीन इंच गेलं की झालं. सरळ रेषेत कापलेलं टोक सगळ्यांत दाट दिसतं, पण व्हीवरून एकदम सरळवर यायचं तर त्या व्हीची सगळी उंची गमवावी लागते. ‘व्हॉल्यूम येईल’ म्हणून कुणी लेयर सुचवले तर विरळ टोकं असणाऱ्यांनी सरळ नाही म्हणावं. दातेरी कात्रीने, म्हणजे थिनिंगच्या कात्रीने किंवा रेझरने टोकं ‘सॉफ्ट’ करायलाही नाही म्हणावं. जे आधीच कमी आहे ते आणखी कमी कशाला करायचं?

दरपत्रकाच्या ओळींमधलं

घरगुती पार्लरमध्ये सरळ किंवा यू ट्रिमला सध्या साधारण १०० ते २५० रुपये पडतात. तालुक्याच्या गावी कमी, पुण्या-ठाण्यात थोडे जास्त. रस्त्यावरच्या एसी सलूनमध्ये ३०० ते ६००. नावाजलेल्या साखळी सलूनमध्ये ६०० ते १५००, आणि ‘सीनियर’ किंवा ‘डायरेक्टर’ असं पद लावलेल्या स्टायलिस्टकडे त्याहून वर. दर पाहताना ‘ट्रिम’ आणि ‘हेअरकट’ या दोन वेगळ्या ओळी आहेत का बघा. तुम्हाला नुसतं टोक सरळ करून हवं असतं आणि बिल हेअरकटचं येतं. लांब केसांना जादा आकार असतो का, धुण्याचे आणि वाळवून सेट करण्याचे पैसे वेगळे का, हे खुर्चीत बसण्याआधी विचारा. धुणं-वाळवणं वेगळं धरलं तर २०० ते ६०० रुपये सहज वाढतात. घरून धुऊन गेलात तर हे वाचतात. तेल लावून गेलात तर मात्र वाचत नाहीत.

जीएसटीची एक चांगली बातमी बऱ्याच जणींपर्यंत पोहोचलेली नाही. सलूनच्या सेवांवरचा कर २२ सप्टेंबर २०२५ पासून १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला. ८०० रुपयांच्या ट्रिमवर पूर्वी १४४ रुपये लागत, आता ४०. दरपत्रकावर ‘कर वेगळा’ असं लिहिलं असेल तर बिलात किती टक्के लावलेत ते पाहा. वर्षाची उलाढाल २० लाखांच्या आत असलेल्या पार्लरला सहसा नोंदणीच लागत नाही, आणि नोंदणी नसेल तर जीएसटी घेता येत नाही. बिलावर १५ अंकी-अक्षरी क्रमांक हवा. महाराष्ट्रातला २७ ने सुरू होतो, गोव्यातला ३० ने.

मंगळवारी, शनिवारी आणि अमावास्येला केस कापायचे नाहीत असं बऱ्याच घरांत पाळतात. तुम्ही पाळत नसाल, तर त्या दिवशी जा. गर्दी कमी, कापणारीला घाई नाही आणि काही सलून आठवड्याच्या मधल्या दिवसांत सवलतही देतात. रविवारी संध्याकाळी सात वाजता विरळ टोकांचा बारीक हिशेब कुणी ऐकून घेणार नाही.

केस कापून झाले की खरी विक्री सुरू होते. ‘मॅडम, केस खूप ड्राय आहेत.’ हेअर स्पा ६०० ते २००० रुपये. दोन-तीन धुण्यांपुरता मऊपणा मिळतो, डोक्याला मालिश छान होते, आणि तेवढ्यासाठीच करायचा असेल तर जरूर करा. फाटे फुटलेला केस मात्र कशानेही सांधत नाही. सीरम किंवा क्रीम तो तात्पुरता चिकटवते, धुतला की पुन्हा सुटतो. लांबी राखून फक्त बाहेर आलेले फाटे कापणारं मशिन काही सलूनमध्ये असतं, ५०० ते १५०० रुपयांना. फाटे थोडे असतील तर ते ठीक आहे. घेर निम्मा झालेल्या शेपट्यात ते काही भर घालत नाही. केराटिन आणि त्याची नवनवी नावं असलेली भावंडं ३००० पासून ८००० आणि पुढे. विरळ टोकांवर यांतलं काहीही करणं मला पटत नाही. आधीच थकलेल्या केसावर रसायन आणि गरम इस्त्री, आणि यांतल्या काही द्रावणांतून तापवल्यावर फॉर्मल्डिहाइड वायू सुटतो. हा वायू कर्करोगाला कारणीभूत ठरतो हे सिद्ध झालेलं आहे.

त्या पैशांत घरचं बरंच येतं. रुंद दातांचा कंगवा शंभर रुपयांच्या आत, कंडिशनरची बाटली दीड-दोनशेला, केस टिपायला टॉवेलऐवजी जुना मऊ पंचा. धुण्याआधी खोबरेल तेल लावायची आजीची पद्धत मोडीत काढू नका. खोबरेल केसाच्या आत शिरतं आणि धुताना होणारी प्रथिनांची झीज कमी करतं, सूर्यफुलाचं आणि खनिज तेल तसं करत नाही, असं २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका संशोधनात दिसलं. हे संशोधन खोबरेल विकणाऱ्या मॅरिको कंपनीच्याच संशोधकांचं होतं हे लक्षात ठेवून वाचावं, तरी तेल स्वस्त आहे. त्याने टोकं दाट होत नाहीत, तुटणं थोडं कमी होतं.

घरी कापायचं असेल तर

सरळ टोक आणि एक-दीड इंच एवढंच काम असेल, तर घरी करायला हरकत नाही. केस कापायची खास कात्री ३०० ते ८०० रुपयांना मिळते आणि दुसरी वाट धरणाऱ्यांचे तिचे पैसे तीन-चार खेपांत वसूल होतात. शिवणाची किंवा स्वयंपाकघरातली कात्री नको. बोथट पातं केस चेचतं आणि तिथूनच नवा फाटा फुटतो. केस कोरडे ठेवा. मानेपाशी एक रबर, कापायच्या रेघेच्या किंचित वर दुसरं. कात्री आडवी एकदम न चालवता थोडी थोडी चालवा. शेपटा पुढे ओढून कापला की मागे हलका यू येतो, तो चालतो. कुरळे केस असणाऱ्यांनी हे घरी करू नये. कुरळा केस ओला असताना ताणून एक इंच कापला, तर वाळल्यावर तो दोन इंच गेल्यासारखा वर चढतो. पार्लरमध्येही कुरळे केस कोरडेच कापून मागा.

खुर्चीत बसल्यावर

‘एवढंच’ हा शब्द वापरू नका. ‘चार इंच’सुद्धा पुरेसं नाही. चार इंच कापायचे की चार इंच ठेवायचे, असा घोटाळा खरोखरच झालेला आहे. दिल्लीतल्या एका पंचतारांकित हॉटेलच्या सलूनमध्ये २०१८ साली एका मॉडेलने खालून चार इंच कापायला सांगितलं होतं. तिच्या तक्रारीनुसार वरून चारच इंच ठेवून बाकी कापले गेले. राष्ट्रीय ग्राहक आयोगाने २०२१ मध्ये तिला दोन कोटी रुपये भरपाई मंजूर केली. सर्वोच्च न्यायालयाने २०२३ च्या फेब्रुवारीत ती रक्कम रद्द केली. नुकसान इतकं झालं याचा पुरावा हवा, असं सांगून प्रकरण आयोगाकडे परत पाठवलं. आयोगाने पुन्हा तेवढीच रक्कम दिली आणि वाद पुढे चालू राहिला. सेवेत कमतरता झाली असं आयोगाने मानलं होतं; दोन कोटींचा आकडा मात्र सगळ्यांना लागू होईल असं समजू नका.

म्हणून घरून निघतानाच रेघेवर रंगीत रबर लावून जा, किंवा अंगावरची जागा सांगा : ब्लाउजच्या खालच्या कडेपर्यंत, कोपरापर्यंत. उभ्याने दाखवा, कारण बसल्यावर केस खुर्चीच्या पाठीशी गोळा होतात. मान सरळ ठेवा. फोन बघायला वाकलात तर मागची रेघ चुकते. पहिला तुकडा कापला की थांबवून तो हातात मागा आणि मोजा. कापणारीला राग येत नाही, चांगल्या कारागिराला तर येतच नाही. बाजू समान करताना ‘इकडे थोडं, तिकडे थोडं’ करत इंचभर जादा जातो, म्हणून सांगताना ठरवलेल्यापेक्षा अर्धा इंच कमी सांगणं शहाणपणाचं.

घोटाळा झालाच तर तिथल्या तिथे, आरशासमोर, मागून फोटो काढा आणि बिल घ्या. बिल नसेल तर यूपीआयची नोंद जपून ठेवा. आधी दुकानदाराशी बोला. बहुतेक ठिकाणी पैसे परत मिळतात किंवा नीट करून देतात. नाहीच ऐकलं तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे, तिथे मराठीतही बोलता येतं. जिल्हा ग्राहक आयोगात पाच लाखांपर्यंत किमतीच्या सेवेच्या तक्रारीला शुल्क नाही.

आणि पहिली वाट निवडून १२ इंच कापणार असाल तर आणखी एक गोष्ट कापण्याआधीच ठरवा, नंतर करता येत नाही. कर्करोगाच्या रुग्णांच्या टोपांसाठी केस घेणाऱ्या संस्था बहुधा १० ते १२ इंचांची अट घालतात. काही ठिकाणी रंगवलेले केस चालत नाहीत. संस्थेची अट आधी विचारून घ्या. केस धुऊन पूर्ण कोरडे करा, वर आणि खाली अशी दोन रबरं लावा आणि वरच्या रबराच्या किंचित वरून कापायला सांगा. ओले केस पाकिटात भरले तर बुरशी येते. टोक विरळ असलं तरी हरकत नसते, पण लांबी रबरापासून मोजतात. त्यामुळे अट १२ इंचांची असेल तर रबराच्या वर राहिलेले अर्धा-पाऊण इंच धरून साधारण १३ कापावे लागतील.